फॅट कमी लागली, दर किती तुटला?

प्रश्न : गावच्या दूध संकलन केंद्रासाठी कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत ॲप लिहितोय. आधी वहीत आकृती काढून दूध, शेतकरी, दरपत्रक, बिल असे सगळे क्लास (कोडमधले माहितीचे साचे) केले, कोड तपासणाऱ्या टेस्ट मागाहून लिहिल्या. आता दूध क्लासमध्ये एक फील्ड वाढवलं की ढीगभर टेस्ट कंपाइलच होत नाहीत. टेस्ट आधी लिहिल्या तर मॉडेल सुधारेल का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : सुधारेल, पण सुरुवात क्लासपासून नको, दरापासून करा. शेतकरी खिडकीशी येऊन विचारतो, ‘आज फॅट किती लागली?’ पहिली टेस्ट तिथूनच काढा. गाईचं दूध, फॅट 3.5, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) 8.5, दर समजा 34 रुपये. ती पास करायला एक फंक्शन आणि दोन डबल (दशांश चिन्हाच्या संख्यांचा प्रकार) पुरतात. एवढ्यावर थांबा.

दुसरी टेस्ट : ‘फॅट तीन पॉइंट कमी लागली तर 90 पैसे तुटतात’ (0.1 फॅट म्हणजे एक पॉइंट). बॅकटिकमध्ये, म्हणजे ` या खुणांच्या आत, टेस्टला असं मराठी नाव खुशाल द्या. फक्त जेव्हीएमवर (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेवर) नावात पूर्णविरामाचं टिंब (.) चालत नाही. आता गंमत बघा. डबलमध्ये 3.5 वजा 3.2 म्हणजे 0.2999999999999998. त्याला 0.1 ने भागून पूर्णांक घेतला की पॉइंट दोनच निघतात, दर 33.10 ऐवजी 33.40 येतो आणि टेस्ट लाल, म्हणजे नापास, होते. फॅट हा स्वतंत्र प्रकार करायची वेळ हीच. व्हॅल्यू क्लास (एकाच मूल्याला स्वतःचा प्रकार देणारा क्लास) करा, आत पूर्णांकात 35, 32 असे दशांश ठेवा, पैसेही पूर्णांकात. एसएनएफचंही तसंच करा. मग फॅटच्या जागी चुकून एसएनएफ दिलं तर कंपाइलरच अडवतो. त्या अदलाबदलीसाठी टेस्ट लिहिली असेल तर बिनधास्त काढून टाका. कोटलिनमधलं हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हशीचं दूध आलं की पाया फॅट 6.0 आणि एसएनएफ 9.0 होतो. तेव्हा गाय, म्हैस अशा ठरावीक प्रकारांची यादी, म्हणजे एनम, आणा. प्रकारानुसार वाट निवडणाऱ्या व्हेनमध्ये एल्स (‘बाकी सगळे’ ही वाट) लिहू नका, म्हणजे पुढे नवा प्रकार आला की तो व्हेन ज्या ज्या ठिकाणी मूल्य देतो तिथे कंपाइलर बोट ठेवेल. नासकं दूध परत जातं, त्याला दरच नसतो. तिथे दर नल (null, म्हणजे रिकामा) ठेवण्यापेक्षा सील्ड इंटरफेस, म्हणजे ठरावीकच पर्याय असलेला प्रकार, करा : स्वीकारलेलं दूध, ज्यात दर आहे, आणि परत केलेलं, ज्यात फक्त कारण आहे.

तुमच्या टेस्ट मोडतात, कारण प्रत्येक टेस्ट दूध क्लासचा कन्स्ट्रक्टर (सगळी फील्ड भरून वस्तू बनवणारा कोड) स्वतः बोलावते. टेस्टच्या फोल्डरमध्ये ‘गाईचं दूध’ असं एकच फंक्शन करा, सगळ्या पॅरामीटरना डिफॉल्ट किंमत द्या, आणि टेस्टमध्ये जे तपासायचं तेवढंच लिहा. उद्या फील्ड वाढलं तर ते एक फंक्शन बदलायचं. आहे तो कोड फेकू नका. आधी दराच्या टेस्ट अशा करून घ्या, बिलाला त्यानंतर हात लावा.