वाचक विचारतात: १०८ आणि वस्तीचा पत्ता

प्रश्न: आमची वस्ती नरखेडपासून तीन किलोमीटर आत आहे. रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागलं. १०८ लगेच लागला, पण पत्ता सांगण्यातच वेळ गेला. नेमकं काय सांगायचं? (मोहोळ तालुका)

उत्तर: १०८ चा फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. तिथे नुसतं 'नरखेड' म्हटलं, तर नागपूर जिल्ह्यातलंही नरखेड आहेच, आणि ते तालुक्याचं ठिकाण. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, शेवटी वस्ती. 'पाटील वस्ती' दर दुसऱ्या गावाला असते, तेवढ्यावर भागत नाही. डांबरी कुठे सोडायची ते सांगा: "गावातून मोहोळकडे निघालं की दीड किलोमीटरवर डाव्या हाताला विजेची डीपी, तिथून कच्चा रस्ता." खूण अंधारातही दिसणारी हवी. उसाचा फड सांगू नका. तोडणी झाली की खूण गेली.

फोन एकानेच करावा. चौघांनी चार नंबरांवरून केला, की एकाच रुग्णाच्या चार नोंदी होतात आणि गाडी कुणाला विचारत येणार हा घोळ. ज्या नंबरावरून फोन केला तो मोकळा ठेवा. गाडीतून त्यावरच फोन येतो, अनोळखी नंबर म्हणून कापू नका. चालकाला लोकेशन पाठवताना पत्र्याखालून अंगणात या. लोकेशनसोबत फोनवर दिसणारी 'अचूकता' वीसेक मीटरपर्यंत उतरली की पाठवा, नाहीतर नकाशावरची टाचणी पलीकडच्या शेतात पडते.

एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर थांबावं. गाडी उंच टपाची असते, तेव्हा रस्त्यावर वाकलेली बाभळीची फांदी दिवसाच छाटून ठेवा. वडिलांना मात्र चालवत फाट्यापर्यंत नेऊ नका. टेकून बसवा.

प्रश्न: १०८ लावला की कधी कधी कन्नड ऐकू येतं. (अक्कलकोट तालुका)

उत्तर: फोनने सीमेपलीकडचा टॉवर पकडला, की कॉल तिकडच्या १०८ कडे जातो. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून लावून पाहा. नेटवर्क 'स्वयंचलित' ऐवजी हाताने निवडता येतं, पण त्या शोधाला वेळ लागतो. ऐन वेळी ती खटपट नको. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा.

प्रश्न: साप चावल्यावर गाडीची वाट पाहावी की मोटरसायकलवर न्यावं? (माढा तालुका)

उत्तर: १०८ लावाच, पण गाडी किती लांब आहे आणि सर्पदंशाची लस जवळ कुठे आहे, हे त्याच फोनवर विचारा. गाडी लांब असेल, तर जीप काढा आणि वाटेत गाठ घालायचं ठरवा. मोटरसायकलच असेल, तर रुग्ण मध्ये, मागे धरणारा तिसरा. अंगठी, कडं, जोडवी आधी काढा. सूज चढल्यावर ती निघत नाहीत. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे जाणं, तिन्ही नकोत.

मण्यार रात्री झोपेत चावते, फारसं दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं जमिनीवर झोपलेला माणूस सांगत असेल, तर फोनवर 'पोटदुखी' न सांगता 'सर्पदंशाचा संशय' असं सांगा.