मास्टर्ससाठी जर्मनीत आखेनला जातोय, ओळखीचं कुणी नाही. नवीन शहरात रुळायला काय करावं?

पत्रपेटीवर आपलं आडनाव लाव. पोचलास त्याच दिवशी, बॅगा उघडायच्या आधी. (वयाने लहान असशील असं धरून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.)

थट्टा वाटेल, पण तिकडे पत्त्यात बहुतेक फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, घर क्रमांक आणि आडनाव, संपलं. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो, नाव दिसलं नाही तर पत्र परत. मी तिघांबरोबर एका सामायिक घरात राहायला गेलो, तिकडे अशा घराला 'वेगे' म्हणतात. पेटीवर माझ्या आधीच्या मुलाचं नाव तसंच होतं. मी म्हटलं, घर तेच आहे, पत्र जाईल कुठे? बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या. तीन आठवडे वाट बघून बँकेत गेलो तर कळलं, दोन्ही पाकिटं परत आलीत. ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेली रक्कम, ती दर महिन्याला थोडीथोडी हाती येते) महिन्याचे पैसे तोवर अडकलेले, आणि मी उसनवारीवर भात आणि सोलापूरहून आणलेली शेंगाचटणी खातोय. शेवटी घरातल्या मुलीने वहीचा कागद फाडला, माझं आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने पेटीवर लावलं. आडनावातला एक 'ए' गायब होता. दोन वर्षं मी तसाच ठेवला, कारण त्या कागदावर पत्रं यायला लागली होती!

तर पहिला महिना कागदांचा. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, म्हणजे 'आनमेल्डुंग'. त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही, तू तिथे राहायला आलास असं घरमालकाने सही करून दिलेला वेगळा फॉर्म लागतो. घर ठरवतानाच विचार, हा फॉर्म देणार का. 'नोंदणी नको' म्हणणारं घर स्वस्त असलं तरी सोड, आणि घर न दाखवता आधी डिपॉझिट मागणाऱ्याला तर उत्तरच देऊ नकोस. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो (पेटी!). व्हिसा काही महिन्यांचाच असतो, त्यामुळे रहिवासी परवान्याची अपॉइंटमेंट थंडी पडायच्या आत मागून ठेव. रेडिओ-टीव्हीची वर्गणी मागणारं पत्र आलं की घाबरू नकोस, टीव्ही नसला तरी द्यावी लागते. पण ती दर घरामागे एकच असते, चौघांत वाटून घ्या.

रविवारी दुकानं बंद. पहिल्या रविवारी माझ्याकडे एक कांदा होता. मग कळलं की आखेनच्या पोरांचा यावर जुना तोडगा आहे: सिटी बस पकडून सीमेपलीकडे, नेदरलँड्समधल्या फाल्सला जायचं, तिथली सुपरमार्केटं रविवारी उघडी असतात. दूध आणायला परदेशी जातोय हे आईला फोनवर पटवताना मजा आली. फाल्सच्या वरच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तिन्ही सीमा एका दगडापाशी मिळतात, तेही त्याच फेरीत बघून घे.

एकटेपणाचं खरं सांगायचं तर ऑक्टोबर नव्याच्या नवलाईत जातो. नोव्हेंबर-डिसेंबर जड जातो. वरून रिपरिप पाऊस, आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार. तेव्हा खोलीत बसून घरी रोज दोन तास व्हिडिओ कॉल करू नकोस, मी केला, आणखी वाईट वाटतं. मला वाचवलं ते विद्यापीठाच्या क्रीडा विभागातल्या मंगळवारच्या बॅडमिंटनने. फी किरकोळ, पण नोंदणी सुरू झाली की जागा भराभर जातात, त्यामुळे घड्याळ लावून बस. दहा पार्ट्यांत शंभर जणांना 'हॅलो' म्हणण्यापेक्षा दर आठवड्याला तीच आठ तोंडं दिसणं बरं.

पहिल्या वर्षी भारतीय मुलांबरोबरच राहा, असं बरेच जण सांगतील. माझं मत उलटं आहे. सणाला, गप्पांना आपली माणसं हवीतच, पण राहायला वेगवेगळ्या देशांच्या मुलांचं घर बघ. माझं जर्मन वर्गात नाही, 'कढई कोणी घासायची' या भांडणात सुधारलं. फोडणी देताना तेवढी खिडकी उघड, नाहीतर धुराचा अलार्म अख्ख्या मजल्याला तुझी ओळख करून देईल.

गावात एलिझेनब्रुनन नावाच्या खांबांच्या जुन्या मंडपापाशी गंधकाच्या गरम पाण्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पहिल्यांदा मी नाक दाबलं होतं. पुढे सुट्टीवरून परतलो की तोच वास आला की बॅग खाली ठेवावीशी वाटायची.

आणि हो, आईने कितीही आग्रह केला तरी तूप आणि पेढे बॅगेत भरू नकोस. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. तिथलं बिनमिठाचं लोणी कढव, झकास तूप होतं.