रोस्त्रोपोविच वादक म्हणून खरंच मोठे होते, की त्यांचं नाव राजकारणामुळे झालं?

तुम्ही लिहिलंय की बर्लिनच्या भिंतीपाशी बसून चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं, गजाने वाजवायचं मोठं वाद्य) वाजवणाऱ्या चष्मेवाल्या गृहस्थांचा फोटो पाहिला आणि नाव शोधलं तर मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच निघालं. पण वाचायला घेतलं की जिथे तिथे सोव्हिएत सरकारच्या रोषातले लेखक सोल्झेनित्सिन, काढून घेतलेलं नागरिकत्व, रशियाचे नेते येल्त्सिन हेच. मग वादक म्हणून हा माणूस खरंच मोठा होता का, असा तुमचा प्रश्न.

मोठा होता, फार मोठा. आणि माझ्या मते त्यांचं संगीत आणि त्यांचं राजकारण वेगळं काढताच येत नाही. सरकारने ज्यांना वाळीत टाकलं त्यांच्या घरी जाणं रोस्त्रोपोविच यांनी कधी थांबवलं नाही. विशीत या सवयीने त्यांच्या वाद्याला नवं संगीत मिळवून दिलं, चाळिशीत त्याच सवयीपायी देश सोडायची वेळ आली.

जन्म २७ मार्च १९२७ चा, बाकूमधला. आई पियानो वाजवायची, वडील लिओपोल्ड उत्तम चेलोवादक आणि मुलाचे पहिले गुरू. पुढे कुटुंब मॉस्कोला आलं, युद्धात ओरेनबुर्गला हलवलं गेलं आणि तिथेच १९४२ साली वडील गेले. दुसऱ्या वर्षी मुलगा मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. चेलो सिम्योन कोझोलुपोव यांच्याकडे, आणि ऑर्केस्ट्रासाठी कसं लिहायचं ते संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांच्याकडे. ही दुसरी शिकवणी लक्षात ठेवा, तिच्यातूनच पुढचं बरंच काही घडलं.

१९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट पक्षाचा ठराव आला. शोस्ताकोविच, प्रोकोफियेव, खाचातुरियान या संगीतकारांचं संगीत ‘फॉर्मलिस्ट’, म्हणजे जनतेपासून तुटलेलं ठरलं. शोस्ताकोविच यांची प्राध्यापकी गेली. प्रोकोफियेव यांच्या कितीतरी रचना कार्यक्रमांतून गायब झाल्या आणि आधीच आजारी असलेला तो माणूस मॉस्कोबाहेर निकोलिना गोरा इथल्या घरात एकटा पडला. बरेच ओळखीचे लोक त्या वाटेला जाईनासे झाले. विशीतले रोस्त्रोपोविच मात्र जात राहिले, उन्हाळ्यात तिथे मुक्कामालाही राहिले. त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली एक हकीकत आहे: एके दिवशी प्रोकोफियेव म्हणाले की आज नाश्त्यालाही पैसे नाहीत, तेव्हा हे तडक संगीतकार संघाचे प्रमुख ख्रेन्निकोव यांच्याकडे जाऊन मदत घेऊन आले.

प्रोकोफियेव यांचा चेलोसाठीचा जुना कॉन्चेर्तो (एक मुख्य वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) फसला होता, कोणी तो वाजवत नव्हतं. रोस्त्रोपोविच यांनी तो वाजवला, प्रोकोफियेव यांनी ऐकला आणि नव्याने लिहून देतो म्हणाले. आधी १९४९ मध्ये चेलो-पियानोचा सोनाटा, म्हणजे दोनच वाद्यांची रचना, झाला. मार्च १९५० मध्ये पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्तर यांच्यासोबत त्याचं पहिलं जाहीर वादन झालं. मग जुन्या कॉन्चेर्तोची नवी मांडणी दोघांनी बसून केली. कोणती जागा चेलोवर निघेल आणि कुठे गज पुरणार नाही, हे पंचविशी न गाठलेला वादक प्रोकोफियेव यांना सांगत होता. आज ही रचना सिम्फनी-कॉन्चेर्तो म्हणून ओळखली जाते. जवळपास ४० मिनिटं, आणि मधला भाग इतका अवघड की आजही भलेभले वादक दबकून असतात. १८ फेब्रुवारी १९५२ ला ती पहिल्यांदा सादर झाली तेव्हा कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारे, म्हणून रिख्तर उभे होते. बोट दुखावल्याने त्यांना पियानो वाजवता येत नव्हता म्हणून. आयुष्यात पुन्हा त्यांनी ऑर्केस्ट्रा चालवला नाही. वर्ष जेमतेम उलटलं आणि ५ मार्च १९५३ ला प्रोकोफियेव गेले. त्याच दिवशी स्टालिनही.

शोस्ताकोविच यांच्याकडून काही लिहून हवं असेल तर एकच उपाय, त्यांच्या पत्नीने रोस्त्रोपोविच यांना बजावलं होतं: त्या विषयाचं नावही काढायचं नाही. ते गप्प राहिले, कित्येक वर्षं. १९५९ च्या उन्हाळ्यात पहिला चेलो कॉन्चेर्तो तयार झाला. २ ऑगस्टला स्वरलिपी हातात पडली आणि चार दिवसांनी शोस्ताकोविच यांच्यासमोर त्यांनी सगळा पाठ वाजवून दाखवला, समोर कागद न ठेवता. ऑक्टोबरमध्ये लेनिनग्राडला कंडक्टर म्राविन्स्की यांच्या हाताखाली तो लोकांसमोर आला.

हा कॉन्चेर्तो जरा जवळून ऐकाच. प्रस्तावना नाही, ऑर्केस्ट्राची वाट पाहणं नाही. चेलो पहिल्याच क्षणी चार स्वर ठोकतो आणि तेच चार स्वर पुढे पाठ सोडत नाहीत. एवढ्या ऑर्केस्ट्रात पितळी वाद्य फक्त एक, हॉर्न, आणि तो चेलोशी भांडल्यासारखा मध्ये येत राहतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी चेलो तारेला नुसतं बोट टेकवून शिट्टीसारखे पातळ स्वर काढतो आणि त्याला चेलेस्टा (बारीक घंट्यांसारखा वाजणारं, पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य) उत्तर देतो. मग ऑर्केस्ट्रा पूर्ण थांबतो. तिसरा भाग म्हणजे चेलोचं एकट्याचं वादन, हळू सुरू होऊन चिडत, वेग घेत जाणारं. शेवटच्या भागात शोस्ताकोविच यांनी स्टालिनच्या आवडत्या ‘सुलिको’ या जॉर्जियन गाण्याचा तुकडा मोडतोड करून लपवला आहे. रोस्त्रोपोविच सांगायचे की खुद्द त्यांनाही तो ओळखू आला नव्हता, शोस्ताकोविच यांनी गुणगुणून दाखवावा लागला. १९४८ मध्ये अपमानित झालेला माणूस अकरा वर्षांनी असा हिशेब मांडतो, आणि तो वाजवायला ज्याच्या हाती देतो त्याच्यावर किती भरवसा असेल, याचा विचार करा.

१९६० मध्ये लंडनला हाच कॉन्चेर्तो वाजवताना प्रेक्षकांत, शोस्ताकोविच यांच्या शेजारी, इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन बसले होते. पुढच्याच वर्षी ब्रिटन यांचा सोनाटा तयार, मग चेलो सिम्फनी, मग एकट्या चेलोसाठी तीन स्वीट (छोट्या तुकड्यांची मालिका). दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मोडक्यातोडक्या जर्मनवर सगळं चाललं. पुढे दुतियो आणि लुतोस्लाव्स्की या संगीतकारांचे कॉन्चेर्तो आले. त्यांनी पहिल्यांदा वाजवलेल्या रचनांची संख्या शंभराच्या वर जाते. व्हायोलिन आणि पियानोच्या मानाने चेलोकडे ऑर्केस्ट्रासोबत वाजवायला फार थोडं होतं. आजच्या वादकाकडे जे आहे त्यातलं बरंचसं या एका माणसामुळे आहे. तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हेच.

शिकवायचेही विलक्षण. मॉस्कोतल्या त्यांच्या वर्गात ते सहसा चेलो हातात घेत नसत. पियानोवर बसून ऑर्केस्ट्राचा सगळा भाग पाठ वाजवायचे आणि विद्यार्थ्याने माझी नक्कल न करता मूळ रचनेकडे बघावं, असा आग्रह धरायचे. नतालिया गुटमन, डेव्हिड गेरिंगास, मिशा मायस्की या वर्गातून बाहेर पडले. इंग्रज चेलोवादक जॅकलिन द्यू प्रेही १९६६ मध्ये काही महिने तिथे शिकली.

आता ज्या भागाविषयी तुम्ही आधीच वाचलंय तो. २१ ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते आणि त्याच संध्याकाळी लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात सोव्हिएत स्टेट ऑर्केस्ट्रासोबत रोस्त्रोपोविच यांना द्वोर्झाक वाजवायचा होता, म्हणजे चेक संगीतकाराचा कॉन्चेर्तो. बाहेर निदर्शनं, आत आरडाओरडा. वाजवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि संपल्यावर त्यांनी द्वोर्झाकच्या स्वरलिपीची प्रत वर उचलून धरली.

पुढच्या वर्षी राहायला धड जागा नसलेल्या सोल्झेनित्सिन यांना त्यांनी मॉस्कोजवळच्या झुकोव्का इथल्या आपल्या घराच्या आवारात आसरा दिला. ऑक्टोबर १९७० च्या शेवटी, सोल्झेनित्सिन यांच्यावर टीकेची झोड उठलेली असताना, त्यांनी ‘प्रावदा’सह चार वृत्तपत्रांना पत्र लिहिलं. कुणीही छापलं नाही, पण ते परदेशात पोहोचलं. मला या पत्रातला एक भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: एका लेखकाची बाजू घेताना ते १९४८ कडे जातात. प्रोकोफियेव आणि शोस्ताकोविच यांच्याविषयी तेव्हा वृत्तपत्रांत काय लिहिलं गेलं होतं ते आठवून विचारतात की आपण त्यातून काहीच का शिकलो नाही, आणि कलेतलं काही न कळणाऱ्यांचा शब्द शेवटचा का असतो. निकोलिना गोराच्या त्या घरात जे पाहिलं होतं, तेच बावीस वर्षांनी कागदावर उतरलं.

शिक्षा ठरलेलीच होती. परदेश दौरे बंद, मॉस्कोत कार्यक्रम मिळेनात, बोल्शोई या मॉस्कोतल्या ऑपेरागृहात ऑर्केस्ट्रा चालवायला बोलावणं थांबलं. पत्नी गालिना विश्नेव्स्काया ही बोल्शोईची पहिल्या फळीतली गायिका, तिचंही नाव बाजूला सारलं गेलं. तिने या सगळ्यात जी साथ दिली तिच्याविषयी फार कमी लिहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. मे १९७४ मध्ये रोस्त्रोपोविच बाहेर पडले, मागोमाग पत्नी आणि दोन मुली. १९७८ मध्ये दोघांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, ते परत मिळायला १९९० उजाडलं. मधल्या काळात, १९७७ पासून १९९४ पर्यंत, वॉशिंग्टनच्या नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राची सूत्रं त्यांच्याकडे होती. कंडक्टर म्हणून मात्र ते मला चेलोवादकाइतके मोठे वाटत नाहीत.

भिंतीचा तुम्ही पाहिलेला फोटो ११ नोव्हेंबर १९८९ चा. बातमी कळल्यावर एका मित्राच्या विमानाने ते पॅरिसहून बर्लिनला गेले, तिथेच कुणाकडून तरी खुर्ची मागून घेतली आणि बाख वाजवला. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत बंड झालं तेव्हा व्हिसा नसताना तिथे जाऊन येल्त्सिन यांच्या बाजूने संसदेच्या इमारतीत थांबले. २७ एप्रिल २००७ ला मॉस्कोतच गेले. नोवोदेविची स्मशानभूमीत प्रोकोफियेव आणि शोस्ताकोविचही आहेत, तिथेच त्यांना पुरलं.

ऐकायचं कुठून, हेही तुम्ही विचारलंय. शोस्ताकोविचचा पहिला कॉन्चेर्तो कंडक्टर ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबतचा घ्या. तो १९५९ सालीच, शोस्ताकोविच हजर असताना ध्वनिमुद्रित झाला. मग १९६८ मधला कंडक्टर कारायानसोबतचा द्वोर्झाक. त्यांचा सूर किती दमदार आणि तरी किती गाता होता ते तिथे पहिल्या मिनिटात कळतं. तिसरा, शूबर्टचा आर्पेजिओने सोनाटा, पियानोवर ब्रिटन. दोन माणसं एकमेकांचं इतकं ऐकत वाजवताना मी फार कमी वेळा ऐकली आहेत. बाखचे सहाही स्वीट त्यांनी साठी उलटल्यावर, १९९१ मध्ये फ्रान्समधल्या व्हेझले इथल्या जुन्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केले. ते मला थोडे जड वाटतात, प्रत्येक स्वरावर फार भार येतो. तेव्हा बाख पहिल्यांदाच ऐकत असाल तर आधीच्या पिढीतले चेलोवादक कासाल्स यांच्यापासून सुरुवात करा आणि मग इकडे वळा.