टेकन : चार बटणं आणि मिशिमांची भाऊबंदकी

देवगडच्या बारावीतल्या मित्राने विचारलंय : "टेकन ८ (दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम) घेतलाय. बाबा म्हणतात, आम्ही टेकन ३ नुसती बटणं बडवून खेळायचो, त्यात शिकायचं काय? आणि ही गोष्ट नक्की कुणाची आहे?"

बाबांचं खरं आहे, आम्हीही तेच करायचो. रत्नागिरीत एका पत्र्याच्या गाळ्यात दोन टीव्ही आणि दोन प्लेस्टेशन होते. गणपतीला चाकरमानी आले की मुंबईचा चुलतभाऊ टेकन ३ मधला एडी गॉर्डो हा लढवय्या घ्यायचा आणि किकची दोन्ही बटणं बडवत सुटायचा. एडीची कापोएरा ही ब्राझीलची युद्धकला, हातांवर गिरकी घेऊन लाथा. आम्हाला त्यातून उठायलाच मिळायचं नाही.

एका वर्षी खाऱ्या हवेने गंजलेल्या रिमोटचं गोल बटण अडकलं. ते सोडवायला मी दोन्ही अंगठे उचलले, आणि नुसत्या उभ्या असलेल्या माझ्या पॉल नावाच्या लढवय्याने एडीच्या दोन लाथा स्वतःच अडवल्या. तिसरी पायावर बसली. त्या दुपारी मी मुद्दाम हात आवरून खेळलो आणि भाऊ पहिल्यांदा हरला.

झालं असं होतं की टेकनमध्ये काही न दाबता उभं राहिलं तरी बचाव होतो. वरचे आणि मधले वार आपोआप अडतात. खालचा वार मात्र उभ्या माणसाला लागतो, त्यासाठी खाली-मागे दाबून बसावं लागतं. बसलास की वरचा वार डोक्यावरून जातो, साधी पकडही हुकते, पण मधला वार बसलेल्याला झोडतो. सगळा खेळ या तीन उंचींचा आहे. समोरच्याचा कुठला वार कुठल्या उंचीचा हे ओळखायला लागलास की अर्धं काम झालं, कॉम्बो (लागोपाठ लागणाऱ्या वारांची साखळी) नंतर पाठ कर. बटणं बडवणारा माणूस उभ्याने अडवणाऱ्याला लोळवतो तो खालच्या वारांनीच. एडी नवशिक्यांना एवढा जड जायचा तो याचमुळे.

कंट्रोल्सचं सूत्र सोपं आहे आणि मला ते फार आवडतं : एक बटण, एक अवयव. प्लेस्टेशनवर चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. चौकोन-फुली किंवा त्रिकोण-गोल एकत्र दाबलं की पकड. वर किंवा खाली हलकेच टिचकी मारली की बाजूला सरकतोस, सरळ येणारा वार हवेत जातो. समोरच्याचे बरेच वार अडवलेस की तो क्षणभर अडकलेला असतो, तेव्हा चौकोन मार. बहुतेकांचा डावा ठोसा १० फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) लागतो, आणि सेकंदाला ६० फ्रेम असतात, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा.

इतिहास थोडक्यात. नामको या जपानी कंपनीने पहिला टेकन १९९४ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मशीनवर, आणला. नावाचा अर्थ 'लोखंडी मूठ'. दिग्दर्शक सेइची इशी त्याआधी सेगा कंपनीच्या व्हर्च्युआ फायटर या मारामारीच्या गेमवर काम करून आले होते. आर्केडचा बोर्ड प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बेतलेला होता, म्हणून १९९५ मध्ये घरी आलेला गेम जवळजवळ तसाच दिसला. टेकन ३ आर्केडला १९९७ मध्ये आणि घरी १९९८ मध्ये आला. त्याने चंद्रावर मारल्यासारख्या उंच उड्या कमी केल्या आणि बाजूला सरकणं सगळ्यांना दिलं. आजचा टेकन तिथेच घडला असं माझं ठाम मत आहे. टेकन ८ जानेवारी २०२४ चा.

आता गोष्ट. कोकणात वाढलेल्याला ती सांगायला वेळ लागत नाही, कारण ती भाऊबंदकी आहे, फक्त वडिलार्जित घराच्या जागी मिशिमा झायबात्सू नावाची अवाढव्य कंपनी. हेहाची मिशिमाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून फेकलं. पुढे मारामारीच्या पहिल्या स्पर्धेत काझुया जिंकला आणि त्याने बापाला त्याच कड्यावरून फेकलं. दुसऱ्या स्पर्धेत बापाने मुलाला ज्वालामुखीत टाकलं. काझुया आणि जुन काझामा यांचा मुलगा जिन. ओगर नावाच्या राक्षसाच्या हल्ल्यात आई नाहीशी झाली, म्हणून तो पंधराव्या वर्षी आजोबांच्या दारात गेला. हेहाचीने त्याला चार वर्षं शिकवलं, आणि टेकन ३ च्या शेवटी ओगरला मारल्यावर नातवावरच गोळी झाडली. तिथे जिनमधला सैतान जागा झाला. मूळ कारण सातव्या भागात उघड होतं : सैतान काझुयाची आई काझुमी हिच्या रक्तातून आला होता, आणि मुलातही तो आहे का हे पाहायला हेहाचीने त्याला कड्यावरून फेकलं होतं. त्याच भागात काझुया बापाला लाव्हात टाकतो. मधले चौथा, पाचवा, सहावा भाग ओझरते पाहिलेस तरी चालेल, सातव्याची गोष्ट मात्र पूर्ण बघ. टेकन ८ म्हणजे काझुया विरुद्ध जिन, बाप-लेकाचा हिशेब.

सुरुवातीला एकच खेळाडू धर. मी पॉल सांगेन : खाली, खाली-पुढे, पुढे आणि त्रिकोण, एवढ्यावर त्याचा डेथ फिस्ट निघतो आणि लागला तर समोरच्याच्या जीवाच्या पट्टीचा मोठा तुकडा घेऊन जातो. अडवला गेला तर शिक्षाही मिळते, म्हणून जपून वापर. टेकन ८ मध्ये 'स्पेशल स्टाईल' लावली की एका बटणावर कॉम्बो निघतात. पहिले दोन दिवस ठीक, नंतर बंद कर. आपला हरलेला सामना रिप्लेमध्ये उघड, मधेच थांबवून तिथूनच स्वतः खेळता येतं. आमच्या वेळी ही सोय असती तर चुलतभावाचा एडी मला दोन वर्षं छळू शकला नसता.

एडी टेकन ८ मध्ये वेगळा विकत घ्यावा लागतो. जमलं तर घे आणि बाबांच्या हातात दे. तू पॉल घे, आणि पहिल्या राउंडला एकही ठोसा मारू नकोस. फक्त अडव, आणि त्यांची कुठली लाथ खालची आहे ते मोज.