फाइल्स डी ड्राइव्हमध्ये आहेत, गूगल ड्राइव्हवरही आहेत. तरी वेगळा बॅकअप घ्यायला हवा का?

हो, घ्यायला हवा. तुम्ही म्हणता की महत्त्वाचं सगळं सीऐवजी डी ड्राइव्हमध्ये ठेवता आणि कामाचं फोल्डर गूगल ड्राइव्हशी सिंक केलंय. सवयी दोन्ही चांगल्या, पण माझ्या लेखी यातला एकही बॅकअप नव्हे. ज्या संकटात मूळ फाइल जाईल त्यातच तिची प्रतही जाणार असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'डिस्क ०' असं लिहिलेल्या एकाच पट्टीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसले, की समजा डिस्क एकच आहे, फक्त तिचे दोन भाग पाडलेत. बहुतेक लॅपटॉपमध्ये असंच असतं. विंडोज नव्याने टाकताना सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, फायदा इतकाच. डिस्क बसली किंवा लॅपटॉप चोरीला गेला, तर दोन्ही जातात. डिस्क एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी, असेल तर डिलीट झालेलं रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळवण्याची आशाही फारशी धरू नका. ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती जागा लवकरच साफ होते.

सिंक हा आरसा आहे. इथे फाइल उडवली की तिथूनही उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, त्यामुळे चूक लगेच लक्षात आली तर ठीक. पण तीन महिन्यांपूर्वी एक्सेलमधल्या दोन शीट चुकून पुसून फाइल सेव्ह केली होती, हे आज कळलं तर? रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, तर याहून वाईट. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर हजारो कॉम्प्युटर्समधल्या फाइल्स कुलूपबंद केल्या. असा प्रोग्रॅम जोडलेल्या एक्स्टर्नल डिस्कलाही सोडत नाही. म्हणून बॅकअप झाला की ती डिस्क काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेली डिस्क सोयीची खरी, पण मला ती पटत नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम घरासाठीही पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. तुमच्या बाबतीत मूळ फाइल्स, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि एक क्लाउड. गूगल ड्राइव्ह एकटा बॅकअप नव्हे, पण दुसऱ्या ठिकाणची प्रत म्हणून चालतो. म्हणजे क्लाउड आहेच, डिस्क तेवढी घ्यायची. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. मॅक असेल तर त्यातली टाइम मशीन ही बॅकअपची सोय वापरा. विंडोजच्या फाइल हिस्टरी या बॅकअपच्या सोयीत मात्र एक मेख आहे: ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे घेते, डीवरची तुमची फोल्डर्स आपोआप घेत नाही. फ्रीफाइलसिंकसारखं फोल्डर्सच्या प्रती करणारं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर 'मिरर' पर्याय जपून वापरा. मूळ फोल्डर रिकामं झालेलं असेल, तर तो प्रतही इमानेइतबारे रिकामी करतो!

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. मदरबोर्ड गेला आणि डिस्क शाबूत राहिली, तरी कीशिवाय ती उघडत नाही.

लोक सर्वात जास्त टाळतात ती गोष्ट म्हणजे बॅकअप परत आणून बघणं. ३१ जानेवारी २०१७ला प्रोग्रॅमर्सचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, पण त्यातली एकही भरवशाने चालत नव्हती. रोजचा बॅकअप फसत होता आणि तो फसल्याचे ईमेल मेल सर्व्हरच नाकारत होता, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता. दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून बाकीचं वाचलं. मधल्या तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं.

तेव्हा डिस्क आणलीत की पहिला बॅकअप घ्या, ती दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा आणि एखादा जुना फोटो, एक एक्सेल, एक मोठा व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा. नुसती नावं दिसतात म्हणून थांबू नका. वनड्राइव्हसारख्या (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) ठिकाणी ढगाचं चिन्ह असलेली फाइल दिसते, पण तुमच्या डिस्कवर ती नसते.