हॉपरचा पूल रंगवण्याआधी

न्यूयॉर्कचा मॅनहॅटन ब्रिज जलरंगात करणार आहात, छान. १९०९ साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरने १९२५-२६च्या सुमारास जलरंगात रंगवला. तो आधी हलक्या पेन्सिलीने रेखाटन करून घ्यायचा, मग रंग. तुम्हीही तसंच करा. पुलाचा कोन चुकला तर नंतर कितीही वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर) दिलेत तरी तो सुधरत नाही.

लोखंडाची एकेक पट्टी मोजत बसू नका. डोळे किलकिले करून सावलीचा मोठा आकार शोधा आणि तो एकाच वॉशमध्ये टाका. वाळेपर्यंत ब्रश लावायचा नाही! उन्हाचा भाग कोरा कागदच राहू द्या, पांढरा रंग मागाहून लावलात की ऊन मेलंच म्हणून समजा. सावलीत काळा नको, निळा आणि तपकिरी मिसळा.

विषयही पोस्टकार्डासारखा निवडू नका. हॉपरचं ‘द मॅन्सार्ड रूफ’ पाहा, १९२३चं. अमेरिकेतल्या ग्लॉस्टर गावातलं एक घर, पण ब्रुकलिन म्युझियमने ते शंभर डॉलरला विकत घेतलं. कागद मात्र जाड घ्या, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा).