वाचकांचे प्रश्न : ठिपक्याने मोजलेले अक्षर

प्रश्न : आग्र्याला ताजमहालाच्या दारावर कोरलेली काळी अक्षरे उंच, ताठ आणि एकमेकांत गुंतलेली दिसली. उर्दू वर्तमानपत्रातील अक्षरे मात्र उतारावरून घरंगळत आल्यासारखी वाटतात. दोन्हींची लिपी एकच असेल, तर एवढा फरक कशामुळे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लिपी मुळात एकच, म्हणजे अरबी आहे. उर्दूने ती फारसीमार्गे घेतली आणि ‘ट’, ‘ड’ यांसारख्या उच्चारांसाठी तिच्यात काही अक्षरांची भर घातली. आपल्याला जाणवलेला फरक शैलीचा आहे. ताजमहालावरील शैलीला ‘थुलुथ’ (उर्दू उच्चाराप्रमाणे ‘सुलुस’) म्हणतात, तर उर्दू वर्तमानपत्राची शैली ‘नस्तालीक’ आहे. जाता जाता एक दुरुस्ती : ताजमहालाच्या दारावरील ती अक्षरे नुसती कोरलेली नसून पांढऱ्या संगमरवरात काळा दगड जडवून बसवलेली आहेत. त्यांचा सुलेखनकार अमानत खान शिराझी याने तेथे आपले नावही नोंदवून ठेवले आहे, आणि एवढा मान त्या वास्तूवर दुसऱ्या कोणा कारागिराच्या वाट्याला आलेला नाही.

अरबी सुलेखनात प्रत्येक शैलीला मोजमाप असते आणि ते मोजण्याची पट्टी म्हणजे खुद्द लेखणीच. बोरूचे टोक तिरके कापून ते कागदावर टेकवले आणि किंचित ओढले, की पत्त्यांतील चौकटच्या खुणेसारखा ठिपका उमटतो. असे ठिपके एकावर एक रचून ‘अलिफ’ या उभ्या अक्षराची उंची ठरवतात. थुलुथमध्ये ती साधारण सात ठिपक्यांची, तर ‘नस्ख’ या पुस्तकी लेखनाच्या शैलीत पाच ठिपक्यांची मानली जाते. अलिफ हा व्यास धरून काढलेल्या वर्तुळाच्या आधाराने बाकीच्या अक्षरांचे बाक बसवले जातात. बोरू जाड असो वा बारीक, ठिपका त्याच्याच रुंदीचा पडत असल्यामुळे अक्षराचे प्रमाण बिघडत नाही.

या पद्धतीचे श्रेय परंपरेने बगदादच्या इब्न मुक्ला याला दिले जाते. तो अब्बासी खलिफांचा वजीर होता. दरबारी राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि 940 मध्ये कैदेतच त्याचा अंत झाला. त्याच्यानंतर इब्न अल-बव्वाब याने ही अक्षरे अधिक डौलदार केली. त्याने 1000-01 च्या सुमारास नस्ख वळणात लिहिलेली कुराणाची प्रत डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

त्यापूर्वीच्या काळातील कुराणाच्या चर्मपत्रांवर कोनदार, आडवी पसरलेली ‘कूफी’ दिसते. तिचे नाव इराकमधील कूफा शहरावरून पडले. विटांच्या आणि दगडाच्या कामाला तिच्या सरळ रेषा सोयीच्या असल्यामुळे इमारतींवर ती पुढेही दीर्घकाळ टिकली. तुर्कांच्या उस्मानी दरबारातील ‘दिवाणी’ ही फर्मानांची शैली. तिच्या नावातील ‘दिवाण’ मराठी वाचकाला परका वाटणार नाही.

आता नस्तालीक. ती चौदाव्या-पंधराव्या शतकांत इराणमध्ये घडली. तिच्यात शब्दाचे पहिले अक्षर वर सुरू होते आणि पुढची अक्षरे डावीकडे तिरकी उतरत शेवटी ओळीवर टेकतात. आपल्याला दिसलेली घरंगळ ती हीच. डोळ्याला सुखद असलेली ही उतरंड छापखान्यासाठी मात्र डोकेदुखी ठरली, कारण शेजारी कोणते अक्षर आहे त्यानुसार प्रत्येक अक्षराची उंची आणि रूप बदलते आणि छपाईचे धातूचे खिळे एका सरळ ओळीत जुळवून ते साधत नाही. त्यामुळे विसाव्या शतकात बराच काळ उर्दू वर्तमानपत्रे कातिब, म्हणजे सुलेखनकार, हाताने लिहीत आणि ती पाने शिळाछापावर किंवा ऑफसेटवर छापली जात. पाकिस्तानातील सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे स्वतः लिहून काढली, तेव्हा कुठे 1981 मध्ये ‘नूरी नस्तालीक’ संगणकावर आली.

प्रश्न : अरबी भाषा येत नसताना हे सुलेखन शिकता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल, मात्र अठ्ठावीस अक्षरे आणि शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी होणारी त्यांची रूपे आधी पक्की करावी लागतील, नाहीतर आपण चित्राची नक्कल करीत राहाल. साहित्य फारसे अनोळखी नाही. मोडी लिहिणाऱ्या आपल्या कारकुनांच्या हातीही बोरूच असे, आणि ‘दौत’ व ‘शाई’ हे शब्द मराठीत आले ते अरबी-फारसीतूनच. काजळी आणि डिंक यांची शाई चालेल. दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा ठेवावा, म्हणजे बोरू जास्त शाई उचलत नाही आणि टोकही दौतीच्या तळाशी आपटत नाही. कागद गुळगुळीत हवा. जुने लेखक त्यावर खळ किंवा अंड्याचा पांढरा बलक लावून गारगोटीने घोटत. सुरुवात ‘रुकआ’ या रोजच्या, आखूड वळणाच्या शैलीने केल्यास हात लवकर बसतो. तरीही पहिले काही आठवडे केवळ ठिपके आणि अलिफ गिरवण्याची तयारी ठेवावी.